व्हेंटची तार

राजारामपुरीत, सहाव्या गल्लीत,
खाली झेरॉक्सचं दुकान, वर एक खोली.
जिन्यात चपला काढताना
कोण बघतंय का, ते मी बघतो.
घरी सांगितलंय, मणक्याच्या डॉक्टरीण आहेत.
तसं अगदी खोटंही नाही.

रुबीना शिकलगार मॅडम काय झालं ते विचारत नाहीत.
विचारतात, आत्ता कुठं जाणवतंय?
पहिल्या दिवशी म्हणालो, कुठंच नाही.
दुसऱ्या खेपेला म्हणालो, शिरोलीत.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, अंगात, केरबादादा. अंगात कुठं?

अंगात म्हणजे
उजवा खांदा, कानाला टेकायला निघालेला,
अकरा महिने तिथंच.
दातांवर दात.
आणि तळवे गार, भर चैत्रात,
भट्टीसमोर उभा असलो तरी.

रात्रपाळी होती. तिसरी हीट.
लाडलचा कान तुटला.
जिन्नाप्पा मगदूम माझ्यापासून चार पावलांवर.
चारच. नंतर मोजलीत मी,
घरच्या अंगणात चुन्यानं रेघा मारून.
लाल मातीत वाढलेला गडी मी,
डोळ्याचं पातं लवायच्या आत पट काढणारा,
आणि त्या घडीला पाय माझे नव्हते.
हाक मारायची, तर जीभ टाळ्याला.

लोक म्हणाले, तू तरी काय करणार होतास?
खांदा म्हणाला, मी त्याला ढकलायला निघालो होतो.
निघालो होतो,
अजून पोचलो नाही.

हे मॅडमना सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी
मला भिंतीसमोर उभं केलं.
तळवे टेका. ढकला. सावकाश.
मी विचारलं, पडली तर?
खरंच वाटलं, पडेल.
नाही पडायची, त्या म्हणाल्या, मी बघते तिच्याकडं.

ढकलली.
आधी मनगटानं, लटकंच.
मग टाचेतून काहीतरी वर आलं,
पोटरीतून, पाठीतून, दंडात,
आणि मांड्या लटलट कापायला लागल्या.
लाज वाटली.
आमच्या तालमीत पाय कापले की वस्ताद म्हणायचे,
जा, लंगोट खुंटीला लाव.

थांबवू नका, मॅडम म्हणाल्या.

गंगावेशीतल्या म्हशी आठवल्या.
रात्री कट्ट्यावर मी धारोष्ण दूध प्यायचो,
जिन्नाप्पा दिवस मावळल्यावर काही घेत नसे,
नुसता सोबत यायचा, म्हशी बघत उभा राहायचा.
पाठीवर माशी बसली की
कातडं तेवढ्याच जागी थरारतं,
माशी उडते, म्हैस आपली रवंथ करत राहते.
तो म्हणायचा, बघ मर्दा, बिनहाताचं कसं जमतंय हिला.

किती वेळ कापत होतो कोण जाणे.
खाली मशीन कुणाची तरी सातबाराची पानं काढत होतं,
एकसारखी, एकसारखी.

मी मोल्डर.
वाळू ठोकून झाली की तार घेऊन
साच्यात व्हेंट मारायचे, दहा-बारा भोकं,
धातू ओतल्यावर आतला वायू निघून जावा म्हणून.
विसरला, तरी जॉब बाहेरून चकाचक निघतो.
मालक पाठ थोपटतो.
लेथवर चढल्यावर कळतं,
आत पोकळ.
अठरा वर्षं हे नव्या पोरांना शिकवतोय,
ओरडून, कानाला धरून.

निघताना मॅडमनी विचारलं, आता कुठं जाणवतंय?
म्हटलं, टाचेत.
फरशी गार आहे तुमची.

खांदा बोटभर उतरलाय.
मला नाही कळलं. बायको म्हणाली,
शर्टाची शिवण आज जागेवर बसली,
कोणत्या दुकानातनं घेतला?
जुनाच होता.

शिरोलीत त्या खांबाच्या पलीकडं
अजून जात नाही मी.
चार पावलं आहेत.
मागच्या बुधवारी दीड चाललो.